पुरुषांनाही टोकलं जातंच

पुरुषांना कपड्यांवरून कोणी काही बोलत नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. बायकांना जास्त ऐकावं लागतं, मान्य. पण पुरुषाला थट्टेत ऐकवतात, त्यामुळे ते कुणाच्या लेखी नसतं.

भिकबाळीचंच बघा. उजव्या कानाच्या वरच्या बाजूला, सोन्याच्या तारेत मोती आणि मधे लाल खडा. आपल्याकडचा खास पुरुषांचा दागिना. पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत पथकातली मुलं ती हौसेने घालतात, सगळे कौतुकाने फोटो काढतात. पण कान न टोचता दाबाची भिकबाळी घेणारेही पुष्कळ, कारण सुट्टी संपली की ऑफिसात "हे काय नवीन?" सुरू होतं. सणाला चालतं ते सोमवारी का चालू नये?

आणि गोष्ट नुसत्या थट्टेवर थांबत नाही. १९८८ साली चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी आले म्हणून मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने त्यांना आत घेतलं नाही. २०१४ मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली म्हणून एका क्लबच्या दारातून परत जावं लागलं. (त्याच वर्षी तमिळनाडूने अशा बंदीविरुद्ध कायदा केला, हे फार चांगलं झालं.)

माझ्या भाच्याने केस खांद्यापर्यंत वाढवलेत, छान निगा राखतो. घरात रोज एकच धोशा, इंटरव्ह्यूच्या आधी कापून टाक. मी त्याला सांगितलंय, नीट बांधून जा, कापू नकोस.