आणि रस्त्याकडेच्या कठड्याचं काय?

इलेक्ट्रिक पिकअप जड, म्हणून धडकेत आतला माणूस वाचतो, असं म्हणतात. आतल्यापुरतं मान्य. रिव्हियन कंपनीच्या आर१टी या इलेक्ट्रिक पिकअपला अमेरिकेत आयआयएचएसचं (विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी, गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था) टॉप सेफ्टी पिक प्लस, म्हणजे तिचा सर्वात वरचा सुरक्षा-मान, मिळालेलं आहेच. पण धडक दर वेळी दुसऱ्या गाडीशीच होते थोडीच? नेब्रास्का विद्यापीठाच्या लोकांनी हीच आर१टी, वजन ३ टनांच्या वर, ताशी ६० मैलांनी (साधारण ९७ किमी) रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यावर घातली. कठडा फाडून ती मागच्या काँक्रीटच्या भिंतीवर जाऊन आदळली! तिकडे असे कठडे तपासताना पिकअप धरतात २२७० किलोचा. शिवाय इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी, म्हणजे बराचसा भार खाली, कठड्याच्या पट्टीखाली घुसेल असा.

मी खारेगावहून तळोज्याला मुंब्रा बायपासने जातो. एका वळणावर कठड्याची पट्टी कित्येक महिने आत दबलेली आहे, आणि एका खांबाला तर नटबोल्टच्या जागी तार पिळलीय. तारसुद्धा गंजली आता. पलीकडे सरळ उतार. तिथे सध्याचा भरलेला टेम्पो थांबेल की नाही याचीच मला शंका येते, ३ टनी पिकअप तर लांबच राहिला.