प्रतिसाद: घामोळ्यांवर पावडर?

वर कुणीतरी बाळाच्या मानेवरच्या घामोळ्यांवर दिवसातून चार-पाच वेळा पावडर लावायला सांगितलं आहे. कृपया तसं करू नका. घामोळं येतं ते घामाच्या नलिका तोंडाशी बुजल्यामुळे. घाम बाहेर पडत नाही, त्वचेतच साठतो, मग पुरळ आणि टोचणी सुरू होते. मानेच्या घड्यांत पावडर ओली होऊन तिचा लगदा बसतो. शिवाय टाल्कची पूड बाळाच्या श्वासात जाते, ते तर जास्तच वाईट. तेल आणि तुपकट मलमंही नकोत, त्यांनी नलिका आणखी बुजतात.

खरा उपाय एकच, अंग थंड आणि कोरडं ठेवणं. साध्या पाण्याने अंघोळ, घड्या हलक्या हाताने टिपून घ्यायच्या (घासायच्या नाहीत), सैल सुती कपडे आणि पंख्याचा वारा. बाळाला एकावर एक कपडे घालू नका. नवजात बाळांच्या नलिका पुरत्या तयार झालेल्या नसतात, त्यांना फार लवकर येतं. मोठ्यांना खाज असह्य झाली तर कॅलामाइन लोशन चालतं. एवढं केलं की बहुधा काही दिवसांत जातं.

स्टेरॉइडचं मलम मात्र मनाने लावू नका. जांघेतलं घामोळं समजतो ते पुष्कळदा नायटा असतो आणि स्टेरॉइडने तो पसरतो. पू, वाढती सूज, दुखणं किंवा ताप दिसला तर थेट डॉक्टरांकडे जा.