सतारीच्या पलीकडे

बीटल्स या इंग्लिश बँडच्या संगीतात भारतीय संगीत आले ते केवळ सतारीच्या नादापुरते, असे एक मत आहे. ते १९६५ च्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यापुरते मला मान्य आहे, कारण त्यात सतार गिटारच्या जागी बसवलेली आहे, इतकेच. मात्र पुढच्याच वर्षी ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमवर आलेल्या ‘लव्ह यू टू’ची सुरुवात लयमुक्त, आलापासारखी होते, मग तबला येतो आणि शेवटी लय द्रुत होते, म्हणजे बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने वाद्याबरोबर मांडणीही घेतली होती. त्यातील तबला अनिल भागवत यांचा, आणि त्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापलेले आहे. (बाहेरच्या वादकांना असे श्रेय त्या काळी क्वचितच मिळे.)

आणखी एक गोष्ट हे मत लक्षात घेत नाही. १९६८ च्या ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या (दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या) दुसऱ्या बाजूवरील ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत भारतीय वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेले आहे. लंडनमध्ये नंतर त्यावर फक्त गायन चढवले गेले. हॅरिसनची रचना बीटल्सच्या सिंगलवर आली ती प्रथम याच गाण्याने. या सगळ्याला नुसती सतारीची हौस म्हणणे मला पटत नाही.