टोपी, केप की प्रज्वलक?

अनुस्वार: नेमबाजी मैदानाच्या सुरक्षा-पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. ‘उडालेल्या टोप्या वेगळ्या डब्यात टाकाव्यात, त्यांचा पुनर्वापर करू नये’ या वाक्यातल्या ‘टोप्या’ खोडून तपासनिसांनी ‘वापरित प्रज्वलक’ केले. काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे चाप ओढल्यावर आतली दारू पेटवणाऱ्या बुडातल्या छोट्या वाटीला, रुळलेला शब्द कोणता?

कासारआळी: टोपीच. कोकणात ठासणीच्या बंदुकीसाठी ‘केप’ म्हणतात. ‘प्रज्वलक’ वाचून माणूस शेगडीचा लायटर शोधत बसेल.

शुद्धमती: ठासणीच्या बंदुकीत ती निपलावर, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या पोकळ बोंडावर बसायची, म्हणून टोपी. आता ती काडतुसाच्या बुडात दाबून बसवतात. बुडात कसली टोपी? आपल्याकडे ‘रंजक’ आहे की! तोफेच्या कान्यात घालायची ती दारू.

कासारआळी: रंजक म्हणजे नुसती दारू. इथे पितळी वाटी, तिच्यात पेट घेणारा मसाला, वर ऐरण, म्हणजे मसाला जिच्यावर चेचला जातो तो तुकडा. टोपीच्या दोन पद्धती: बॉक्सर पद्धतीत ऐरण वाटीतच असते, बर्डनमध्ये पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या कवचाच्या, बुडातच घडवलेली. म्हणून बॉक्सरची टोपी मधल्या एका भोकातून सुई घालून ढकलता येते. बर्डनला ऐरणीच्या दोन बाजूंना दोन भोकं. तिथे तीच सुई घातलीत तर मोडलीच.

भंगारशास्त्र: शब्दावर भांडण्याआधी वाक्य बघा. पुनर्वापर होतो तो पुंगळीचा. टोपीच्या वाटीला खड्डा पडलेला, मसाला जळालेला. ती जाते मोडीत. घरी नवा मसाला भरायच्या फंदात पडू नये, घासण्यानेसुद्धा पेट घेतो. लहान टोपी ४.४५ मिमीची, उडाल्यावर सुमारे ०.२ ग्रॅम, म्हणजे किलोला ५००० च्या आसपास. मोडीला देण्याआधी चुंबक फिरवून पोलादी तुकडे काढा. न उडालेली एकही भट्टीत जाता कामा नये. नुसता खड्डा बघून फसाल, चाप ओढूनही न उडालेलीला खड्डा असतोच. ऐरणीच्या पायांमधून बघा: काजळी दिसली तर उडालेली, रंगीत मसाला दिसला तर जिवंत.

अनुस्वार: आणि ती काजळी?

भंगारशास्त्र: मसाल्यात लेड स्टिफ्नेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड. म्हणजे काजळीत शिसं. कोरडा झाडू नको, ओलं फडकं. पुंगळ्या धुतलेलं पाणी गटारात ओतायचं नाही. खाण्याआधी हात साबणाने धुवायचे. हे पुस्तिकेत ठळक टाका, शब्द कुठलाही ठेवा.

कासारआळी: जुन्या, पाऱ्याच्या मसाल्याच्या टोप्या वेगळ्याच. पारा पितळेत शिरतो, पुंगळी ठिसूळ होते. तिचाही पुनर्वापर बाद. त्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचं जळून मीठ होतं, ते दमट हवेत पाणी ओढतं आणि बंदुकीची नळी गंजते.

शुद्धमती: मग ‘पुनर्चक्रण’ लिहा.

भंगारशास्त्र: मोडवाल्याला वाचून दाखवा आणि त्याचं तोंड बघा. ‘मोडीत देणे’ काय वाईट आहे?

शुद्धमती: ‘मोडीत काढणे’ म्हणजे निकामी ठरवणे. देणे आणि काढणे यांत फरक आहे.

कासारआळी: शुद्धतेचा एवढा आग्रह, तर ‘काडतूस’ही टाकून द्या. मूळ पोर्तुगीज ‘कार्तूशु’, त्याच्याही मागे कागद. १८५७ ची काडतुसं कागदाचीच होती, टोपी वेगळी लावायची.

शुद्धमती: काडतूस पचलं आहे. प्रायमर पचलेला नाही.

अनुस्वार: मग टोपी ठेवू?

शुद्धमती: ‘केप’ स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, ते आधी ठरवा.