त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारी मुले

दुसरीतला मुलगा ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहितो, त्याचे लक्षच नसते, असे एका पालकांनी लिहिले आहे. माझ्या मते तो नीट लक्ष देऊनच ऐकतो. ‘त्रे’ आधी कानावर पडते, म्हणून तो ३ आधी लिहितो. मराठीत एकक आधी उच्चारले जाते, लिहिताना मात्र दशक आधी येते, आणि एकोणसाठमध्ये तर साठ ऐकू येत असताना पाच लिहायचे असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे किती जड जात असेल, याचा विचार आपण मोठी माणसे क्वचितच करतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू समजावून सांगितली होती आणि मला ती आजही पटते. जुनी नावे अर्थातच टिकली पाहिजेत.

घरी काड्या घ्याव्यात. दहा-दहांना रबर लावून पाच गठ्ठे करावेत, तीन काड्या सुट्या ठेवाव्यात आणि ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ असे मुलाने त्यांना हात लावत म्हणावे, मगच लिहावे. पुढे ५३ मधून ८ वजा करताना सुट्या काड्या पुरत नाहीत, हे त्याला स्वतःलाच दिसते. तेव्हा गठ्ठ्याचे रबर मात्र त्यालाच सोडू द्यावे.