गोठलेला अख्खा पीस थेट स्लो कुकरमध्ये? पाहुण्यांना वाढण्याआधी हे वाचा

काटेकोर:
‘दोन किलोचा गोठलेला पीस रात्री थेट स्लो कुकरमध्ये टाका, सकाळी मटण हाडापासून सुटतं, पाहुणे खूश’ ही कालची पोस्ट वाचली. खाली सगळे वा वा करताहेत, म्हणून लिहितोय. स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर रात्रभर शिजवणारं विजेचं भांडं, ते मुळातच सावकाश तापतं. त्यात दगड झालेला पीस टाकला, तर मांस ५ ते ६० अंशांच्या मध्ये तासन्‌तास रेंगाळतं आणि जंतू तिथेच वाढतात.

मंदआच:
पोस्ट माझीच. वर्षानुवर्षं असंच करते, कुणाचंही पोट बिघडलेलं नाही. काढताना आत ९० अंश असतात. त्यात काय जगणार?

काटेकोर:
जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूने आधीच सोडलेलं विष शिजवून जात नाही. आणि घरी गेल्यावर पोट बिघडलं, तर कुठला पाहुणा फोन करून सांगतो?

रविवारची_सून:
स्लो कुकर राहू द्या हो, आमच्याकडे मटण रात्रभर ओट्यावर ठेवतात! सकाळी ताटलीत लाल पाणी, वरून मऊ, हाडापाशी बर्फ. बोललं की मीच आगाऊ.

जुनंतेसोनं:
ओट्यावर ठेवूनच पिढ्या जगल्या. तुम्हाला सगळ्यातच जंतू दिसतात.

रविवारची_सून:
त्या पिढ्या ताजं आणून त्याच दिवशी शिजवायच्या. फ्रीझर होता कुठे? अशाच एका जेवणानंतर माझ्या वडिलांना सलाईन लावावं लागलं. तुम्ही नव्हतात रात्रभर त्यांच्या उशाशी.

जुनंतेसोनं:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण दोष ओट्याचाच कशावरून?

काटेकोर:
त्या जेवणाचं मला माहीत नाही. पण आतला बर्फ वितळेपर्यंत वरचा थर कित्येक तास खोलीच्या तापमानात असतो, हे तरी मान्य करा.

जुनंतेसोनं:
उन्हाळ्यापुरतं मान्य. पुढे बोलणार नाही.

मंदआच:
माझा धागा ओट्यावर गेला! बरं, पाहुणे असतील तेव्हा आदल्या दिवशी फ्रीजमध्ये उतरवीन. पण सकाळी फोन आला, ‘संध्याकाळी येतोय’, तर?

काटेकोर:
घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. दोन किलोला दोन-अडीच तास लागतात. बर्फ सुटला की लगेच शिजवा. किंवा गोठलेलंच ओव्हनमध्ये, १६५ अंशांवर. तिथे हवाच गरम असते, त्यामुळे चालतं. वेळ मात्र दीडपट धरा.

मंदआच:
ओव्हनमध्ये तसा रस्सा सुटत नाही, हे मी शेवटपर्यंत म्हणणार. पाण्याचं करून बघते.