दर दहा दिवसांचं दूध बिल एआयकडून करून घेतलं आणि 31 तारीख गळली. पुढे कसं करू?

गोठ्याशेजारी (वाळवा तालुका):

नमस्कार मंडळी. मी गावातल्या दूध संस्थेत अकरा वर्षं हिशोब बघते. 280 उत्पादक आहेत, संकलन सकाळ-संध्याकाळ. महिन्याला तीन बिलं निघतात: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. काट्याला आणि फॅट मशीनला जोडलेला कॉम्प्युटर प्रत्येक संकलनाची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) तयार करतो. तारीख, सकाळ की संध्याकाळ, उत्पादकाचा कोड आणि नाव, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम, एवढे रकाने. दहा दिवसांच्या वीस फाइली मी एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवते, त्यातून पशुखाद्य आणि उचलीची कपात करते आणि तीन कागद काढते: प्रत्येकाचं बिल, बँकेला द्यायची यादी, आणि संचालकांसाठी एक पानाचा गोषवारा. दर खेपेला दोन रात्री जातात. घरी मुलाची दहावी आहे, म्हणून त्या रात्री मला परत हव्यात.

गेल्या महिन्यात भाच्याने मोबाइलवरचा एआय सहाय्यक दाखवला. मी सगळा डेटा चिकटवला आणि लिहिलं, ‘21 पासूनचं दहा दिवसांचं बिल उत्पादकवार करून दे.’ दोन मिनिटांत इतका नीटनेटका तक्ता आला की मी तोच छापला. खालची एकूण बेरीजही त्याच तक्त्याशी जुळत होती.

सकाळी खिडकीशी पहिल्या आल्या त्या आमच्या गल्लीतल्या मावशी. एकच म्हैस आहे त्यांची. गोठ्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रोजचं दूध पेन्सिलीने मांडतात, वर सकाळचं, खाली संध्याकाळचं. ते पान फाडूनच घेऊन आल्या. बिलातल्या आणि कॅलेंडरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘बाळ, माझं साडेसहा लिटर कुठं गेलं?’ मी तिथेच फाइल उघडली. 31 तारखेची सकाळ-संध्याकाळ कुणाच्याच बिलात नव्हती. मी ‘दहा दिवसांचं’ लिहिलं होतं, त्याने 21 ते 30 धरलं. वाटप थांबवलं आणि सगळी बिलं हाताने पुन्हा केली.

नंतर तोच डेटा चिकटवून नुसती एकूण लिटरची बेरीज विचारली. एक आकडा आला. पुन्हा विचारलं तर दुसरा. तेव्हापासून हात लावलेला नाही. पण दोन रात्रींचं काम अजून तसंच आहे. हे यंत्राकडून करून घ्यायची अशी काही रीत आहे का, की त्याच्यावर विश्वास ठेवायची गरजच पडू नये?

कराडचा मास्तर:

ताई, ही शीट गुगल शीट्समध्ये न्या. एआयकडून अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटला जोडून चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून घ्या आणि त्याला वेळेचा ट्रिगर लावा. ठरलेल्या तारखेला पहाटे बिल आपोआप तयार. आमच्या शाळेचा पोषण आहाराचा मासिक तक्ता मी असाच करतो.

हिशोबनीस (चाकण):

मास्तरांची पद्धत चालेल, पण संस्थेचा कॉम्प्युटर आणि तिथलं नेट बघता मी एक्सेलमध्येच राहीन. मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात पंधरा वर्षं असेच तक्ते काढतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्याकडून काम सांगण्याची जागा चुकली. हे सहाय्यक मुळात पुढचा मजकूर काय असेल ते जुळवत लिहितात. चॅटमध्ये चिकटवलेल्या पाच हजार आकड्यांची बेरीज कॅल्क्युलेटरसारखी होईलच असं नाही, म्हणून दोनदा विचारल्यावर दोन उत्तरं आली. काही सहाय्यक मागे प्रोग्रॅम चालवून मोजतात, पण या खेपेला तसं मोजलं का, हे आपल्याला दर वेळी तपासावं लागतं. त्याच्याकडून बिल करून घेऊ नका. बिल करायची कृती लिहून घ्या. ती एकदा तपासली की दर दहा दिवसांनी एक्सेल तीच कृती जशीच्या तशी चालवतं. त्यात एआय उरतच नाही.

त्यासाठी पॉवर क्वेरी वापरा, म्हणजे फाइली जोडायच्या आणि गाळायच्या पायऱ्या एकदाच लिहून ठेवायची एक्सेलमधली सोय. त्या पायऱ्यांनाच क्वेरी म्हणतात. एक्सेल 2016 पासून ती आतच असते: डेटा, मग गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर. एक फोल्डर ठरवा, सगळ्या सीएसव्ही त्यात टाका. क्वेरी त्या एकाखाली एक जोडेल. पुढच्या वेळी जुन्या काढून नव्या टाकायच्या आणि ‘रिफ्रेश ऑल’ दाबायचं.

एआयला काय सांगायचं ते नेमकं सांगतो. रकान्यांची नावं द्या आणि मनाने बनवलेल्या पाच-सहा ओळी द्या. खरी नावं, खाते क्रमांक अजिबात देऊ नका. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण त्याआधी ती गावाची खाती आहेत. ‘दहा दिवस’ हा शब्द वापरू नका. दोन सेल ठेवा, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, ते तुम्ही भराल आणि दोन्ही तारखा धरायच्या, असं लिहा. तारीख दिवस-महिना-वर्ष आहे हे ठणकावून सांगा आणि क्वेरीत लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते, ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवायला लावा. नाहीतर 03/04 म्हणजे 4 मार्च होतो आणि ती ओळ कालावधीबाहेर जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उत्पादकांच्या यादीशी दूध जोडताना ‘इनर’ जोड घेतली तर ज्याचा कोड यादीत नाही त्याचं दूध गुपचूप गळतं. एरर येत नाही, काही नाही. म्हणून दुधाच्या बाजूने ‘लेफ्ट आउटर’ जोड घ्या, तिच्यात दुधाची प्रत्येक ओळ राहते. आणि दुसरी एक क्वेरी ‘लेफ्ट अँटी’ची करून बेवारस, म्हणजे यादीत कोड न सापडलेल्या, ओळी वेगळ्या पानावर काढा. ते पान रिकामं असेल तरच बिल छापायचं.

शिवाय एक तपासणीचं पान हवं. फाइली किती आल्या, 20 की 22? सर्व फाइलींच्या ओळी आणि जोडलेल्या शीटच्या ओळी सारख्या का? निव्वळ रक्कम अधिक कपात म्हणजे एकूण रक्कम का? आणि एकूण लिटर दूध संघाच्या टँकरच्या पावतीच्या आसपास बसतात का? ही शेवटची तपासणी तुमच्या कॉम्प्युटरच्या बाहेरून येते, म्हणून मला ती सर्वांत मोलाची वाटते. मावशींचं कॅलेंडरही त्याच जातीचं.

दोन खेपा जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवा. पैशापर्यंत जुळल्याशिवाय हातची पद्धत सोडू नका.

गोठ्याशेजारी:

दादा, एवढं लिहिलंत, उपकार झाले. एक अडचण आत्ताच दिसते. उत्पादकांची यादी आधीच्या सचिवांनी टाइप केलेली आहे. एक्सेलमध्ये मराठी दिसते, पण क्वेरीत नेली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा. आणि मशीनच्या सीएसव्हीतली नावं तर तिसरंच काहीतरी दिसतात.

फाँटवाली (कोल्हापूर):

मी छापखान्यात डीटीपी करते, म्हणून हे मला बघताच कळलं. दोन वेगळी दुखणी आहेत. यादी जुन्या, युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना दिलेले ठरलेले संगणकी क्रमांक) नसलेल्या फाँटमध्ये आहे. आत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. क्वेरीच्या खिडकीत तो फाँट नाही, म्हणून खरं रूप दिसलं. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतो. 280 च नावं आहेत, बसून युनिकोडमध्ये टाइप करा. बिलावर आपलं नाव चुकलेलं कुणाला आवडत नाही.

सीएसव्हीचं सोपं आहे. क्वेरीत फाइल उघडताना ‘फाइल ओरिजिन’मध्ये 65001 युनिकोड यूटीएफ-8 निवडून बघा, बहुतेक नावं सरळ होतील. आणि जोड कायम कोडवर घ्या, नावावर नको. एकाच नावाचे दोघे प्रत्येक गावात असतात.

गोठ्याशेजारी:

आज 22 तारीख. दोन बिलं शेजारी शेजारी करून झाली, म्हणून कळवते.

नावं दोन दुपारींत टाइप केली. मावशींना त्यांचं नाव कसं लिहितात ते विचारलं, यादीत इतकी वर्षं वेलांटी चुकीची होती. क्वेरी एआयकडून लिहून घेतली, चार वेळा दुरुस्त करावी लागली. प्रत्येक पायरीला ‘ही ओळ काय करते ते मराठीत सांग’ असं विचारत गेले, त्याचा खूप उपयोग झाला. आता कुणी विचारलं तर मी सांगू शकते.

पहिल्या खेपेला बेवारस पानावर सात ओळी निघाल्या. त्या सगळ्या एका संध्याकाळच्या. लाईट गेली होती म्हणून दूध वहीत लिहून नंतर हाताने फाइलीत भरलं होतं, तेव्हा कोडच्या पुढे एक मोकळी जागा पडली होती. डोळ्याला दिसतही नाही. जुन्या पद्धतीत मी अशा ओळी नकळत सावरत असणार. मागचीपुढची मोकळी जागा काढणारी ‘ट्रिम’ची पायरी घातली.

दुसरी गोष्ट मला सुटत नव्हती. एकूण लिटर तंतोतंत जुळले, पण काही बिलांत एक-एक पैशाचा फरक. 6.5 लिटर, दर 34.25, गुणाकार 222.625. माझ्या शीटमध्ये 222.63, क्वेरीत 222.62.

हिशोबनीस (चाकण):

शाब्बास ताई, पैशापर्यंत गेलात. पॉवर क्वेरीचं ‘नंबर.राउंड’ बरोब्बर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम अंकाकडे जातं. एक्सेलचं ‘राउंड’ अर्धा आला की वर नेतं. 222.625 ला म्हणूनच दोन उत्तरं. सूत्रात तिसरी बाब म्हणून ‘राउंडिंगमोड.अवेफ्रॉमझीरो’ लिहा, दोन्ही एक होतील. एआय हे आपणहून सांगत नाही, विचारलं की लगेच सांगतो.

गोठ्याशेजारी:

जुळलं! 280 च्या 280. दोन रात्रींचं काम चाळीस मिनिटांवर आलं आणि त्यातली तीस मिनिटं मी तपासणीच्या पानावरच घालवते. टँकरच्या पावत्यांचा आकडा अजूनही मी हातानेच भरते, तो आपोआप आणायची मला इच्छा नाही.

एकच शेवटचं. दिवाळीला दूध फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची जादा रक्कम, वाटतो, त्याला वर्षभराचं दूध उत्पादकवार लागतं. प्रत्येक बिलाच्या सगळ्या ओळी एका फाइलीत साठवत जाऊ का? संस्थेतल्या जुन्या फाइली .एक्सएलएस आहेत, त्यातच पुढे भरू?

हिशोबनीस (चाकण):

त्यात नको. जुन्या .एक्सएलएस शीटमध्ये 65,536 ओळीच मावतात. तुमच्या दहा दिवसांच्या साधारण 5,600, म्हणजे चार महिन्यांतच ती भरेल. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये करोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी याच मर्यादेपायी अहवालात यायच्या राहिल्या होत्या. नव्या .एक्सएलएसएक्समध्ये 10,48,576 ओळी बसतात, तुमच्या वर्षाच्या दोन लाख सहज. पण मी असलो तर शीटमध्ये साठवणारच नाही. वर्षाच्या सगळ्या सीएसव्ही महिनावार फोल्डरात जशाच्या तशा ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि दिवाळीच्या आधी तीच क्वेरी हे सगळे महिने ज्यात आहेत त्या वरच्या फोल्डरवर लावा. ‘पासून’मध्ये 1 एप्रिल भरा, किंवा तुमच्या संस्थेचा फरक जिथून धरतात ती तारीख.